घरगुती पुनर्भारणक्षम घटांचे पुनर्भारण

पुनर्भारणक्षम घट म्हणजे बाहेरून उलट दिशेने विद्युत् प्रवाह पाठवून ज्यातील रासायनिक बदल पुन्हा मूळ स्थितीत आणता येतो, असा विद्युत् घट होय. या क्रियेस पुनर्भारण किंवा नुसते भारण म्हणतात. व्यवहारात तिला 'चार्जिंग' हाच शब्द रूढ आहे. असा घट नेमका केव्हा पुनर्भारित करावा, या प्रश्नाला सर्व घटांसाठी एकच उत्तर नाही. निकेल-धातू हायड्राइड, शिसे-अम्ल आणि लिथियम-आयन हे घरात आढळणारे तीन मुख्य प्रकार असून एकाला मानवणारी सवय दुसऱ्याचे आयुष्य घटवते. 'बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये' हा सर्रास दिला जाणारा सल्ला मुळात निकेल-कॅडमियम घटांसाठी होता. ते घट घरांतून जवळजवळ नाहीसे झाले, सल्ला मात्र राहिला. शिसे-अम्ल आणि लिथियम-आयन घटांच्या बाबतीत तो पाळल्यास नुकसान होते.

संज्ञा

मराठीत या विषयाची परिभाषा काहीशी गोंधळाची आहे. 'विजेरी' हा शब्द लेखनात बॅटरीसाठी योजला जातो, पण त्याचा रूढ अर्थ हातातील टॉर्च असा आहे. आणि बोलीत त्या टॉर्चलाच पुष्कळदा 'बॅटरी' म्हणतात. काटेकोरपणे पाहिल्यास एका एककाला घट (सेल) आणि अनेक घटांच्या जोडणीला घटमाला (बॅटरी) म्हणावयास हवे. त्या अर्थाने दूरनियंत्रकात, म्हणजे रिमोटमध्ये बसतात ते घट, आणि इन्व्हर्टरची १२ व्होल्टची पेटी ही सहा घटांची घटमाला. 'डबल ए' व 'ट्रिपल ए' या आकारांच्या दंडगोलाकार घटांना भारतात 'पेन्सिल सेल' म्हणतात. घटातील विद्युत् भार वापरला जाण्याच्या क्रियेला विसर्जन, तर वापर नसतानाही तो आपोआप कमी होण्याला स्वविसर्जन अशी संज्ञा आहे. घटाची क्षमता मिलिअँपियर-तास किंवा अँपियर-तास या एककांत छापलेली असते.

पार्श्वभूमी

पुन्हा भारित करता येणारा पहिला व्यवहार्य घट फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांपासून बनवला. स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट तयार केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेन्सिल सेलच्या आकारातील पुनर्भारणक्षम घट म्हणजे निकेल-कॅडमियम घटच, अशी स्थिती होती. कॅडमियम विषारी असल्यामुळे आणि क्षमता मर्यादित असल्यामुळे १९८९ च्या सुमारास बाजारात आलेल्या निकेल-धातू हायड्राइड घटांनी त्यांची जागा घेण्यास सुरुवात केली. सोनी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन घट व्यापारी तत्त्वावर विक्रीस आणला. या घटाच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. सान्यो कंपनीने २००५ मध्ये 'एनेलूप' या नावाने अल्प स्वविसर्जनाचे निकेल-धातू हायड्राइड घट आणले. पेन्सिल सेलच्या घरगुती वापरात खरा फरक पडला तो या शेवटच्या टप्प्यामुळे. त्याआधी भारित करून ठेवलेला सेल दोन-तीन महिन्यांनी हाताशी घेतल्यावर बहुधा रिकामा निघत असे.

निकेल-धातू हायड्राइड सेल

विद्युत् दाबावरून अंदाज

साधा अल्कधर्मी (अल्कलाइन) सेल नवा असताना सुमारे १.५ व्होल्टपेक्षा किंचित अधिक दाब देतो आणि वापरागणिक हा दाब सतत उतरत जाऊन ०.९ व्होल्टच्या आसपास सेल निकामी होतो. निकेल-धातू हायड्राइड सेलचे वर्तन वेगळे आहे. चार्जरमधून काढताच त्याचा दाब १.४ व्होल्टच्या आसपास असतो. थोड्या वापरानंतर तो १.२ ते १.२५ व्होल्टवर येतो व क्षमतेचा बहुतांश भाग संपेपर्यंत जवळपास तेथेच राहतो. शेवटी मात्र तो झपाट्याने १ व्होल्टखाली कोसळतो. दाबाचा आलेख काढल्यास अल्कधर्मी सेलची रेषा उतारासारखी, तर हायड्राइड सेलची पठार आणि त्यालगतच्या कड्यासारखी दिसते.

या फरकाचे व्यावहारिक परिणाम बरेच आहेत. अनेक उपकरणांतील बॅटरीदर्शक चिन्हे अल्कधर्मी सेलच्या उताराला अनुसरून आखलेली असतात. त्यामुळे नुकताच भारित केलेला हायड्राइड सेल बसवला तरी असे उपकरण 'अर्धी बॅटरी' दाखवू शकते, दीर्घकाळ तेच दाखवत राहते आणि नंतर अल्पावधीत बंद पडते. अर्धी खूण दिसताच सेल काढून चार्जरमध्ये ठेवणारा वापरकर्ता वस्तुतः जवळपास भरलेलाच सेल पुन्हा भारित करीत असतो. काही कॅमेरे आणि उपकरणांमध्ये सेलचा प्रकार निवडण्याची सोय असते. ती योग्य रीतीने निवडल्यास दर्शक बराच विश्वासार्ह होतो.

याच कारणाने दाराचे डिजिटल कुलूप, धूरसूचक यंत्र यांसारख्या उपकरणांत उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय हायड्राइड सेल वापरू नयेत. अल्कधर्मी सेल उतरू लागल्यापासून संपेपर्यंत दिवसच काय, आठवडेही जातात आणि तेवढ्या अवधीत इशारा देता येतो. हायड्राइड सेलच्या बाबतीत इशारा आणि अंत यांत फारसे अंतर उरत नाही.

मल्टिमीटरने केलेले मापनही सेल कशालाही न जोडता केल्यास फसवे ठरते. उतरलेला सेल काही तास विश्रांतीत राहिला की त्याचा दाब पुन्हा १.२ व्होल्टजवळ येतो. म्हणून मापन भाराखाली करावे लागते: सेलच्या दोन टोकांना सुमारे २.५ ओहमचा, निदान १ वॅट क्षमतेचा रोध जोडल्यास साधारण अर्धा अँपियर प्रवाह वाहतो, आणि काही सेकंदांनी दिसणारा दाब अर्थपूर्ण असतो. 'डबल ए' आकाराच्या सुस्थितीतील सेलसाठी तो १.२ व्होल्ट किंवा अधिक असल्यास सेलमध्ये पुरेसा भार आहे, १.१ व्होल्टच्या खाली गेल्यास तो संपत आला आहे, असे स्थूलमानाने म्हणता येते. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असल्यामुळे भरलेला असूनही तो या कसोटीत कमी दाब दाखवतो. अशा वेळी उतरला आहे तो भार की आयुष्य, हे एकट्या मापनावरून सांगता येत नाही. पुरते भारण करून पुन्हा मोजल्यावरच ते कळते.

उपकरणाच्या वर्तनावरून अंदाज

मापनाची साधने नसतानाही पुनर्भारणाची वेळ बहुधा उपकरणच सांगते. विजेरीचा प्रकाश मंदावणे, खेळण्यातील मोटारीचा वेग पडणे, कॅमेऱ्याच्या फ्लॅशला दोन प्रकाशझोतांमध्ये नेहमीपेक्षा अधिक वेळ लागणे, बिनतारी माउस अडखळणे ही त्याची लक्षणे होत. यांतील पहिले लक्षण दिसताच वापर थांबवणे हिताचे असते. 'अजून थोडा वेळ चालेल' म्हणून विजेरी पूर्ण विझेपर्यंत चालू ठेवणे हा पुनर्भारणक्षम सेल खराब होण्याचा सर्वांत सामान्य मार्ग आहे.

याचे कारण सेलच्या एकसरी जोडणीत आहे. एका उपकरणात तीन किंवा चार सेल एकामागे एक बसवलेले असतात आणि त्यांची क्षमता कधीच तंतोतंत सारखी नसते. सर्वांत दुबळा सेल आधी रिकामा होतो, पण उरलेल्या सेलचा प्रवाह त्याच्यातून वाहतच राहतो. परिणामी त्या सेलची ध्रुवता उलटते, म्हणजे त्याचे धन टोक ऋण होते. या अवस्थेत आत हायड्रोजन वायू तयार होऊन दाब वाढतो, सुरक्षा-झडप उघडते आणि विद्युत् विच्छेद्य बाहेर पडते. असा सेल पुन्हा भारित होतो, परंतु त्याची क्षमता आणखी घटलेली असते. त्यामुळे पुढच्या वेळी तोच सर्वांत आधी रिकामा होतो. चार सेलचा संच एका सेलमुळे बाद होतो तो असा. एकच सेल लागणाऱ्या उपकरणात ध्रुवता उलटण्याचा धोका नसतो.

यावरचा उपाय साधा आहे. एकाच वेळी घेतलेले, एकाच बनावटीचे व क्षमतेचे सेल संच म्हणून एकत्र वापरावेत, एकत्र भारित करावेत आणि त्यांवर न पुसणाऱ्या शाईने संचाची खूण व खरेदीचे वर्ष लिहून ठेवावे. जुना-नवा किंवा पुनर्भारणक्षम-साधा अशी सरमिसळ टाळावी.

कालावधीवरून अंदाज

उपकरणाला लागणारा प्रवाह ठाऊक असल्यास हिशेब सोपा होतो. २,००० मिलिअँपियर-तास क्षमतेचा सेल १०० मिलिअँपियर घेणाऱ्या उपकरणात सुमारे २० तास, तर ५०० मिलिअँपियर घेणाऱ्या खेळण्यात जेमतेम ४ तास चालतो. रोज तासभर वापरल्या जाणाऱ्या अशा खेळण्याचे सेल चौथ्या दिवशी संपणार हे धरून तिसऱ्या दिवशीच ते बदलणे श्रेयस्कर.

कमी प्रवाह घेणाऱ्या उपकरणांत हा हिशेब उलटा लागतो, कारण तेथे वापरापेक्षा स्वविसर्जन मोठे असते. जुन्या पद्धतीचा हायड्राइड सेल सामान्य तापमानाला महिन्याकाठी २० टक्के किंवा त्याहून अधिक भार आपोआप गमावतो. २,००० मिलिअँपियर-तासांच्या सेलचे २० टक्के म्हणजे ४०० मिलिअँपियर-तास. महिन्याच्या ७२० तासांवर विभागल्यास ही गळती सतत अर्ध्या मिलिअँपियरहून अधिक प्रवाह घेतल्यासारखी होते. भिंतीवरील क्वार्ट्झ घड्याळ याच्या निम्म्याहूनही कमी प्रवाहावर चालते. म्हणजे अशा घड्याळात बसवलेला सेल वेळ दाखवण्यापेक्षा स्वतःतच अधिक खर्च होतो. अल्प स्वविसर्जनाच्या सेलमध्ये वर्षानंतरही सुमारे ७० ते ८५ टक्के भार शिल्लक राहतो, त्यामुळे ते रिमोट किंवा घड्याळातही चालतात. तरीही भिंतीवरील घड्याळाला साधा सेल स्वस्त पडतो हे मान्य करावे लागते.

भारित करून कपाटात ठेवलेले जुन्या पद्धतीचे सेल महिनाभरानंतर वापरण्यापूर्वी पुन्हा भारित करावेत. अल्प स्वविसर्जनाच्या सेलना वर्षातून एकदा भारण पुरते. दीर्घकाळ पडून राहिलेला सेल पहिल्या भारणात पूर्ण क्षमता देत नाही. दोन-तीन वेळा भारण-विसर्जन झाल्यावर तो पूर्ववत होतो. दाब फारच खाली गेलेला सेल स्वयंचलित चार्जर ओळखत नाही व दोष दाखवतो. असा सेल साध्या चार्जरमध्ये काही मिनिटे, लक्ष ठेवून, भारित केल्यास पुढे स्वयंचलित चार्जर त्याला स्वीकारतो; न स्वीकारल्यास तो बाद समजावा.

चार्जरचा प्रकार आणि पुनर्भारणाची वेळ

पुनर्भारण केव्हा करावे हे सेलइतकेच चार्जरवरही अवलंबून असते, आणि ही बाब सामान्यतः दुर्लक्षित राहते. स्वस्त चार्जर ठरावीक लहान प्रवाह पाठवत राहतात. २,००० मिलिअँपियर-तासांच्या सेलला २०० मिलिअँपियर प्रवाहाने भारित करण्यास १० नव्हे, तर १४ ते १६ तास लागतात, कारण दिलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेत जातो. अशा चार्जरला सेल किती रिकामा आहे हे कळत नाही. काहींत कालमापक असतो आणि तो ठरलेल्या तासांनी प्रवाह तोडतो. काहींत तोही नसतो. अर्धा भरलेला सेल अशा चार्जरमध्ये पूर्ण वेळ ठेवला तर निम्म्या वेळानंतरचे सर्व भारण अतिरिक्त ठरते. त्यामुळे साधा चार्जर वापरणाऱ्याने सेल बऱ्यापैकी उतरल्यावरच पुनर्भारण करणे योग्य, आणि 'उतरू द्यावा, मग भरावा' हा सल्ला येथे काही अंशी खरा ठरतो.

स्वयंचलित चार्जर भारणाचा शेवट ओळखतात. हायड्राइड सेल भरत आला की धनाग्राशी ऑक्सिजन निर्माण होऊ लागतो, तो ऋणाग्राशी पुन्हा शोषला जातो आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. सेल तापतो व त्याचा दाब शिखर गाठून काही मिलिव्होल्टनी खाली येतो. चार्जर ही घसरण किंवा तापमानातील वाढ हेरून प्रवाह तोडतो. चांगल्या चार्जरमध्ये प्रत्येक सेलसाठी स्वतंत्र मार्ग असतो. सेल जोडीनेच बसवावे लागणारे चार्जर दोन सेलना एकच समजतात, आणि त्यांतील एक आधी भरला तरी दुसऱ्यासाठी त्याला तापत राहावे लागते. स्वतंत्र मार्गाच्या स्वयंचलित चार्जरमध्ये सेल कोणत्याही टप्प्यावर ठेवता येतो. सहलीला किंवा लग्नसमारंभाला जाण्यापूर्वी अर्धवट उतरलेले सेल भरून घेण्यात काहीच गैर नाही.

भारणाच्या अखेरीस सेल कोमट लागणे स्वाभाविक आहे. हातात धरवत नाही इतका तापल्यास चार्जर किंवा सेल सदोष असतो. ४० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापमानाला हायड्राइड सेल भार नीट स्वीकारत नाही आणि दाबातील घसरणही अस्पष्ट होते. विदर्भात उन्हाळ्यातील दुपारचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. तेथे सेल रात्री किंवा पहाटे भारित केल्यास ते अधिक भरतात आणि टिकतातही अधिक.

स्मृतिदोष

निकेल-कॅडमियम घट दर वेळी अगदी एकाच पातळीपर्यंत विसर्जित करून पुन्हा भरला, तर कालांतराने तो त्या पातळीपलीकडे पुरेसा दाब देत नाही. जणू तेवढीच मजल त्याच्या लक्षात राहते. याला स्मृतिदोष म्हणतात. ठरावीक परिक्रमेमुळे ठरावीकच विसर्जन होणाऱ्या कृत्रिम उपग्रहांतील घटमालांमध्ये हा परिणाम दिसून आला. घरातील अनियमित वापरात तो क्वचितच संभवतो, आणि घरात 'स्मृती' म्हणून ओळखले जाणारे बहुतेक बिघाड प्रत्यक्षात अतिभारणाने किंवा वार्धक्याने झालेले असतात. हायड्राइड सेलमध्येही वारंवार अर्धवट वापरामुळे दाब थोडा उतरतो, पण काही महिन्यांतून एकदा प्रत्येक सेल स्वतंत्रपणे १ व्होल्टपर्यंत विसर्जित करून पूर्ण भरल्यास तो पूर्वस्थितीवर येतो. यासाठी काही चार्जरमध्ये वेगळे बटण असते. सेल उपकरणातच पूर्ण संपवणे हा त्याचा पर्याय नव्हे. त्याचे कारण वर आले आहे.

शिसे-अम्ल घटमाला

इन्व्हर्टर, आणीबाणीचे दिवे आणि चार्जिंगच्या स्वस्त विजेऱ्या यांत शिसे-अम्ल घट असतात. येथे नियम अगदी उलट आहे: घट जितका कमी उतरेल आणि जितक्या लवकर पुन्हा पूर्ण भरेल तितका तो टिकतो. विसर्जनात दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते. ताजे असताना ते सूक्ष्म कणांच्या रूपात असते व भारणाने सहज विरघळते. घट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यास त्याचे मोठे, कठीण स्फटिक बनतात आणि मग ते परत फिरत नाहीत. या क्रियेला सल्फेटीभवन म्हणतात.

महाराष्ट्रात २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात, विशेषतः ग्रामीण भागात, रोज अनेक तासांचे भारनियमन होते आणि याच काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. १५० अँपियर-तासांच्या १२ व्होल्टच्या घटमालेत नाममात्र १,८०० वॅट-तास ऊर्जा असते. दोन पंखे आणि काही दिवे मिळून २०० वॅटचा भार असेल, तर इन्व्हर्टरमधील व्यय धरून साधारण तीन तासांत ती निम्मी उतरते. तिला पुन्हा पूर्ण भरण्यास मात्र विसर्जनाच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो; शेवटचा हिस्सा फार संथपणे भरला जातो. सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास वीज जाणाऱ्या गावात दिवसाच्या मधल्या वेळेत घटमाला अपुरीच भरते. सतत अर्धपोटी राहिलेल्या अशा घटमाला हमीचा काळ संपण्याच्या सुमारास निकामी होत, आणि दोष बहुधा बनावटीला दिला जाई. या परिस्थितीत भारणाची वेळ वापरकर्त्याच्या हाती नसते. पंखे कमी करून विसर्जन आवरणे एवढेच त्याच्या हाती असते.

भार किती उरला आहे हे विद्युत् दाबावरून किंवा अम्लाच्या विशिष्ट गुरुत्वावरून ठरवतात. काही तास विश्रांत ठेवलेली १२ व्होल्टची घटमाला पूर्ण भरलेली असताना साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट, निम्मी असताना सुमारे १२.२ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या खाली ती बरीच रिकामी झालेली असते. वापर चालू असताना दाब १०.५ व्होल्टपर्यंत घसरल्यास इन्व्हर्टरने आपोआप बंद व्हावे अशी योजना असते. पाणी घालण्याची सोय असलेल्या घटमालेत हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व मोजता येते. पूर्ण भरलेल्या घटात ते रचनेनुसार १.२४ ते १.२८ असते. सहापैकी एका घटाचे वाचन इतरांपेक्षा बरेच कमी आल्यास तो घट खराब झाल्याचे ते लक्षण आहे. हे मापन ऊर्ध्वपातित पाणी घातल्यावर लगेच न करता भारणाने अम्ल एकजीव झाल्यावर करावे. भारणात हायड्रोजन बाहेर पडत असल्याने घटमाला हवेशीर जागी असावी व तिच्याजवळ ज्योत नेऊ नये.

घर महिनाभर बंद ठेवताना इन्व्हर्टरचा मुख्य पुरवठा तोडून जाण्याची पद्धत आहे. घटमाला पूर्ण भरून तिची जोडणी सोडवून ठेवल्यास महिनाभराने तिचे बिघडत नाही. परंतु इन्व्हर्टर जोडलेलाच राहिला तर तो स्वतःसाठी थोडा थोडा प्रवाह घेत राहतो आणि परतल्यावर ती पूर्ण उतरलेली सापडते. आणीबाणीच्या दिव्यांतील ४ किंवा ६ व्होल्टच्या बंदिस्त घटमालांची गत याहून वाईट होते. पावसाळ्यात वापरलेला दिवा न भरता माळ्यावर जातो आणि पुढच्या पावसाळ्यात वादळाच्या रात्री तो पेटत नाही. असे दिवे वापरानंतर त्याच दिवशी भरावेत आणि न वापरताही दोन-तीन महिन्यांतून एकदा भरून घ्यावेत.

लिथियम-आयन घट

मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, दाढीचे यंत्र इत्यादींत लिथियम-आयन घट असतात. बहुसंख्य घटांचा पूर्ण भरलेला दाब ४.२ व्होल्ट असतो आणि ३ व्होल्टच्या आसपास उपकरण त्यांचा वापर थांबवते. या घटांना स्मृतिदोषाची धास्ती नाही. ते पूर्ण उतरवणे आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तापू देणे या दोन्ही गोष्टींनी त्यांची झीज होते. त्यामुळे २० टक्क्यांच्या सुमारास भारण सुरू करणे आणि शक्य असेल तेव्हा ८० टक्क्यांवर थांबवणे हितावह मानले जाते. दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे भारण केल्याने आयुष्य घटत नाही, कारण ५० टक्क्यांची दोन भारणे मिळून एकच पूर्ण आवर्तन धरले जाते. लांबच्या प्रवासापूर्वी मात्र १०० टक्के भरण्यास संकोच करण्याचे कारण नाही. उपकरण घटासाठी नसून घट उपकरणासाठी असतो.

पडद्यावरील टक्केवारी हे प्रत्यक्ष मापन नसून घटात गेलेल्या व आलेल्या प्रवाहाच्या हिशेबावर आधारलेला अंदाज असतो. हा हिशेब हळूहळू चुकत जातो. २५ टक्क्यांवर फोन एकाएकी बंद पडू लागल्यास एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने दर्शक पुन्हा जुळतो. तरीही तसेच घडत राहिल्यास घट जुना झाला आहे असे समजावे. पूर्ण उतरवण्याचा उपयोग एवढ्यापुरताच आहे, घटाला त्याचा लाभ होत नाही.

न वापरता ठेवायचा घट ४० ते ५० टक्के भरलेला असावा आणि तीन ते सहा महिन्यांनी तपासावा. रिकाम्या अवस्थेत दीर्घकाळ पडून दाब फारच खाली गेल्यास ऋणाग्राचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. नंतरच्या भारणात हेच तांबे आत साचून मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) होऊ शकतो. म्हणून वर्षानुवर्षे पडून असलेली पॉवर बँक हट्टाने भारित करू नये. फुगलेला, वास येणारा किंवा चेपलेला घट भारित करणे धोक्याचे असून त्यास टाचणी लावून 'हवा काढण्याचे' प्रयोग आगीला निमंत्रण देतात.

पेन्सिल सेलच्या आकारात १.५ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. त्यांच्या आतील लहानसे मंडल घटाचा मूळ दाब उतरवून १.५ व्होल्टवर स्थिर ठेवते. भार संपेपर्यंत दाब बदलत नसल्याने बहुतेक उपकरणांचा दर्शक अखेरपर्यंत 'पूर्ण' दाखवतो आणि सेल एकदम बंद पडतो. ते स्वतःच्या चार्जरनेच भरावे लागतात. हायड्राइड सेलच्या चार्जरमध्ये ते कदापि ठेवू नयेत.

पुनर्भारण करू नये असे घट

साधे जस्त-कार्बन, अल्कधर्मी आणि लिथियम नाणेघट हे पुनर्भारणासाठी बनवलेले नसतात. ते चार्जरमध्ये ठेवल्यास आत वायू साठून गळती किंवा स्फोट होऊ शकतो. सेलवर 'रिचार्जेबल' असे छापलेले आहे का, हे आधी पाहणे आवश्यक आहे. बाजारात ४,००० मिलिअँपियर-तास किंवा त्याहून अधिक क्षमता छापलेले 'डबल ए' हायड्राइड सेल आढळतात. या आकारात प्रत्यक्षात साधारण २,८०० मिलिअँपियर-तासांपलीकडे क्षमता मिळत नाही. त्यामुळे अशा आकड्यावर आधारलेला भारणकाळाचा हिशेब सेलला अतिभारित करतो. सर्वाधिक क्षमतेचे अस्सल सेलही सामान्यतः कमी आवर्तने टिकतात, मध्यम क्षमतेचे अधिक.

आयुष्याचा शेवट

योग्य वापरात हायड्राइड सेल काही शे आवर्तने टिकतो. उत्पादकांचे दावे ५०० पासून २,००० च्या वर जातात, परंतु ते प्रयोगशाळेतील परिस्थितीत केलेले असतात. क्षमता मूळच्या ६० ते ८० टक्क्यांखाली आली, भारणानंतर एक-दोन दिवसांतच सेल उतरू लागला, किंवा चार्जर काही मिनिटांतच 'भरला' असे दाखवू लागला, की तो बदलावा. चार्जरने लगेच भरल्याचे दाखवणे हे पुष्कळांना सेल चांगला असल्याचे चिन्ह वाटते. वस्तुतः ते वाढलेल्या अंतर्गत रोधाचे लक्षण असते.

भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. आधीचे नियम शिसे-अम्ल घटमालांपुरते होते; नव्या नियमांत सर्व प्रकारच्या घटांचा समावेश असून वापरलेले घट परत घेण्याची व त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. घटावरील फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह तो घरच्या कचऱ्यात टाकू नये असे सुचवते. इन्व्हर्टरची जुनी घटमाला तिच्यातील शिशाला किंमत असल्याने विक्रेता सहसा मोबदला देऊन घेतो. पेन्सिल सेल आणि मोबाइलच्या बॅटऱ्या ई-कचरा संकलन केंद्रात द्याव्या लागतात. देण्यापूर्वी लिथियम घटांच्या टोकांवर चिकटपट्टी लावल्यास वाटेत मंडलसंक्षेप होत नाही.